अश्वगंधा इम्युनिटी 'वाढवते' म्हणजे नक्की काय करते?

दिवाळीनंतर आत्याचा फोन आला. तिला रुमॅटॉइड संधिवात आहे, नऊ वर्षं झाली, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे इम्युनिटी दाबणारं औषध घेते, सकाळी उठल्या उठल्या बोटं वळत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. फोनवर म्हणाली, "अगं, शेजारच्या वहिनींनी अश्वगंधाच्या गोळ्यांची बाटली आणून दिलीये, इम्युनिटी वाढते म्हणे, चालू करू का? तू बायोलॉजी शिकवतेस ना, सांग." आणि मला पटकन उत्तर देता येईना. "नको" म्हणायला काय, एक सेकंद लागतो, पण का नको हे सांगायचं तर आधी हे सांगायला लागतं की तिचा आजारच मुळात इम्युनिटीचा आहे, कमी पडलेल्या इम्युनिटीचा नाही, घरच्याच माणसावर हात उगारणाऱ्या इम्युनिटीचा. तिच्याच पेशी तिच्याच सांध्यांवर तुटून पडतात. मग ती वाढवायची म्हणजे काय वाढवायचं?

त्या रात्रीपासून मी याबद्दल जे मिळेल ते वाचत गेले, आणि जे समजलं ते आत्याला जसं सांगितलं तसंच इथे लिहितेय.

आधी झाडाची ओळख. अश्वगंधा म्हणजे आपली आसगंध, काही ठिकाणी ढोरगुंज पण म्हणतात. वांगं, टोमॅटो, बटाटा यांच्याच कुळातली. कागदी कंदिलासारख्या आवरणात लाल फळ येतं, रसभरीला येतं तसं. औषधात वापरतात ते मूळ. ओलं मूळ हातात चोळून वास घेतला की नाव का पडलं ते कळतं, घोड्याच्या अंगासारखा वास येतो. भारतात सगळ्यात जास्त लागवड मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर भागात, पावसाळ्यात पेरायची आणि पाच-सहा महिन्यांनी उपटायची, मग मुळं जाडी-लांबी बघून वेगळी करतात आणि मोडल्यावर कटकन तुटणारं, आतून पांढरं, पिठाळ मूळ चांगल्या भावाला जातं. चरकसंहितेत ही 'बल्य' आणि 'बृंहणीय' गणांत आहे, म्हणजे बळ देणारी, अंग भरणारी. बळ हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण बळ आणि आजच्या बाटलीवरचं 'इम्युनिटी बूस्टर' यात बराच फरक आहे.

आपण सगळे इम्युनिटी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी समजतो, अर्धी झाली की मोटर लावायची आणि भरून घ्यायची. तसं नाहीये ते. शरीरात संरक्षणाचं काम करणाऱ्या पेशींचे कितीतरी प्रकार आहेत, काही सतत गस्त घालतात, काही जंतू गिळतात, काही अँटिबॉडी बनवतात, काही इन्फेक्शन झालेली आपलीच पेशी ओळखून मारतात, आणि काहींचं कामच मुळी हे की "पुरे आता, थांबा" असं बाकीच्यांना सांगायचं. ताप, सूज, लाली, पू, हे सगळं जंतू करत नाहीत, बऱ्याच वेळा आपलीच इम्युनिटी करते. त्यामुळे सगळंच वाढवलं तर माणूस ठणठणीत होत नाही, आजारी पडतो.

कोविडचं उदाहरण आठवा. घरोघरी काढे उकळत होते, इम्युनिटी वाढवायची म्हणून, आणि त्याच वेळी आयसीयूमधल्या पेशंटचा जीव वाचवणारं औषध कोणतं निघालं? डेक्सामेथासोन, म्हणजे इम्युनिटी दाबणारं स्टेरॉइड. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलचे आकडे आले, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. त्या लोकांची फुप्फुसं त्या टप्प्यावर विषाणूपेक्षा स्वतःच्याच भडकलेल्या प्रतिकाराने जास्त खराब होत होती. मला हे वर्गात शिकवताना दरवेळी थांबायला होतं, कारण घरातली माणसं गेलेली मुलं समोर बसलेली असतात.

तर आता मुळाकडे. आसगंधाच्या मुळात स्टार्च भरपूर असतो, बाकी थोड्या थोड्या कितीतरी गोष्टी असतात, पण ज्यांच्यावर सगळं संशोधन चाललंय ते म्हणजे विथॅनोलाइड्स. २८ कार्बनचे रेणू, सांगाडा स्टेरॉइडसारखा (म्हणून ती स्टेरॉइडची गोळी आहे असं नाही, कोलेस्टेरॉलचाही सांगाडा तसाच असतो). मुळाच्या चूर्णात यांचं प्रमाण फार थोडं, सहसा एका टक्क्याच्याही आत. यातला सगळ्यात गाजलेला विथाफेरिन ए, तो १९६५ च्या सुमारास इस्राएलमधल्या संशोधकांनी वेगळा काढला आणि तो सुद्धा पानांतून, मुळातून नाही. पानात विथाफेरिन ए जास्त, मुळात तुलनेने विथॅनोलाइड ए जास्त. नावं जवळजवळ सारखीच आहेत म्हणून घोळ होतो, पण वागणूक बरीच वेगळी आहे, आणि पान की मूळ हा प्रश्न शेवटी परत येणारे.

विथाफेरिन ए करतो काय हे समजायला एका प्रोटीनची ओळख लागेल, एनएफ-कप्पा-बी. १९८६ मध्ये अमेरिकेत एमआयटीत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी हे शोधलं. हा पेशीतला एक दांडगा बैल समजा. एरवी तो पेशीच्या अंगणात खुंट्याला बांधलेला असतो, कासरा म्हणजे आयकेबी नावाचं दुसरं प्रोटीन. जंतू आला, जखम झाली, की आयकेके नावाचा गडी येतो आणि कासरा कापून टाकतो. बैल सुटतो, थेट पेशीच्या केंद्रकात घुसतो आणि तिथली सूज आणणारी जीन्स चालू करतो, टीएनएफ-अल्फा, आयएल-६, आयएल-१ बीटा वगैरे. हे रेणू बाहेर पडले की आजूबाजूच्या पेशी धावत येतात, ताप चढतो, सूज येते. जंतू असताना हे व्हायलाच पाहिजे. पण रुमॅटॉइडमध्ये जंतू नसतानाही सांध्यात बैल सुटलेलाच राहतो, आत्याची बोटं सुजतात ती त्यामुळे. तिच्यासारख्या पेशंटना जी महागडी इंजेक्शनं देतात त्यातली बरीचशी टीएनएफ-अल्फालाच धरून ठेवणारी असतात.

विथाफेरिन ए त्या कासरा कापणाऱ्या गड्यालाच जाऊन चिकटतो. गवतातून चालताना कपड्यांना कुसळं अडकतात ना, तशा या रेणूच्या अंगावर एक-दोन जागा आहेत ज्या प्रोटीनमधल्या सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाच्या गंधकाला घट्ट धरतात, आणि आयकेके-बीटावर १७९ नंबरचं सिस्टीन असं आहे की तिथे हा चिकटला की गड्याचा हातच बांधला जातो. कासरा कापला जात नाही, बैल खुंट्यालाच राहतो, सूज आणणारे रेणू कमी बनतात. २००७ पासून प्रयोगशाळांत हे नीट दाखवलं गेलंय. म्हणजे बघा, 'बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या झाडातला सगळ्यात अभ्यासलेला रेणू प्रत्यक्षात ब्रेक लावतो!

पण कुसळ काही एकाच कपड्याला चिकटत नाही. सिस्टीन शरीरातल्या असंख्य प्रोटीनमध्ये आहे, आणि विथाफेरिन ए त्यातल्या पुष्कळ ठिकाणी अडकतो, पेशीचा सांगाडा धरून ठेवणाऱ्या व्हायमेंटिनलासुद्धा. म्हणूनच तो कॅन्सरच्या पेशी मारतो असं प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये दिसतं, आणि म्हणूनच जास्त झाला तर चांगल्या पेशींनाही त्रास देऊ शकतो.

आता दुसरी बाजू, कारण झाडाला एकच रेणू नाही. १९८९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या मंडळींनी आसगंधातून सिटोइंडोसाइड नावाचे, साखर जोडलेले विथॅनोलाइड काढले आणि दाखवलं की त्यांनी मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, जास्त कामाला लागतात. २००७ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी मुळाचा अर्क आणि शुद्ध विथॅनोलाइड ए उंदरांना दिला तर टीएच-१ बाजू वर आली, म्हणजे टी पेशींचा जो गट पेशीच्या आत लपलेल्या जंतूंविरुद्ध मोहीम चालवतो तो. आणि आपल्या पुण्यातलं काम तर मला फार महत्त्वाचं वाटतं. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांना डीपीटीची लस आणि सोबत पंधरा दिवस आसगंधाचा पाण्यातला अर्क दिला, तर डांग्या खोकल्याच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी जास्त बनल्या आणि नंतर मुद्दाम तो जंतू टोचल्यावर अर्क घेतलेले उंदीर कमी मेले.

मग खरं काय, वाढवते की दाबते? याचं उत्तर मला पुण्याच्याच १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत सापडलं. त्यांनी उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड दिलं, हे कॅन्सरवरचं औषध, यानं पांढऱ्या पेशी धाडकन खाली येतात. आसगंध दिलेल्या उंदरांत त्या पेशी परत वर आल्या, दबलेल्या अँटिबॉडीही वाढल्या. पण याच औषधामुळे एक उशिरा येणारी ॲलर्जीसारखी रिअ‍ॅक्शन उलट भडकते, आणि ती मात्र आसगंधाने कमी झाली. एकच मूळ, एकाच ग्रुपचे हात, जे खाली गेलं होतं ते वर आलं आणि जे वर गेलं होतं ते खाली. म्हणून या लोकांनी 'बूस्टर' न म्हणता 'इम्युनोमॉड्युलेटर' हा शब्द वापरला, मराठीत म्हणायचं तर इकडचा-तिकडचा तोल बदलणारं. वैद्य 'बळ' म्हणायचे ते मला यापेक्षा फार लांबचं वाटत नाही.

इथे हरखून जायला होतं, मीही गेले. पण थांबा, उंदीर आणि डिश यांच्यापासून माणसाच्या रक्तापर्यंत मधे बऱ्याच खाचखळग्यांचा रस्ता आहे.

एक तर मूळ मातीत वाढतं, आणि मातीत बॅक्टेरिया. त्यातल्या पुष्कळांच्या आवरणात एलपीएस नावाचा पदार्थ असतो, बॅक्टेरिया मेला, उकळला तरी तो टिकतो, आणि आपल्या मॅक्रोफेज पेशी त्याला इतक्या घाबरतात की अगदी नखभरसुद्धा नको, त्याच्या कितीतरी कमी प्रमाणात त्या खवळतात. समजा मी मुळाचा अर्क डिशमधल्या मॅक्रोफेजवर टाकला आणि त्या ॲक्टिव्ह झाल्या, तर ते मुळाने केलं की मुळाला चिकटून आलेल्या मातीतल्या जंतूने? हे वेगळं तपासल्याशिवाय "अर्काने प्रतिकार जागवला" म्हणता येत नाही. वनस्पतींवरचा कुठलाही पेपर वाचताना मी आता आधी हे शोधते, एलपीएस तपासलं का. बऱ्याच जुन्या कामात तपासलेलं नसतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण त्यामुळे चांगलं कामही संशयात अडकतं.

दुसरं, पोटातून रक्तात किती पोचतं? २०२० मध्ये मुंबईतल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला, हाडाच्या कॅन्सरच्या १३ पेशंटना विथाफेरिन ए तोंडाने दिला, डोस वाढवत वाढवत दिवसाला २१६ मिलिग्रॅमपर्यंत नेला. झेपला, मोठा त्रास झाला नाही, पण त्यांच्या मशीनला रक्तात विथाफेरिन ए सापडलाच नाही. आतडं आणि लिव्हर त्याला वाटेतच पकडत असावेत. म्हणजे डिशमध्ये बैलाला बांधून ठेवणारा रेणू गोळीतून घेतला तर गोठ्यापर्यंत पोचतो का हाच प्रश्न. मुळातले बाकीचे विथॅनोलाइड, साखर जोडलेले वगैरे, यांचं वेगळं असू शकतं.

माणसांवर झालेलं इम्युनिटीचं काम खरंच थोडं आहे. अमेरिकेत २००९ मध्ये पाच जणांना, हो पाचच, मुळाचा अर्क ६ मिलिलिटर दिवसातून दोनदा दुधातून चार दिवस दिला, आपल्याकडे अनुपान म्हणून दूध सांगतात तसंच, आणि रक्तातल्या टी पेशी आणि एनके (नॅचरल किलर) पेशी जास्त ॲक्टिव्ह झाल्याची खूण दिसली. २०२१ मध्ये २४ निरोगी लोकांवर ट्रायल झाली, रोज ६० मिलिग्रॅम अर्क, महिनाभर, डमी गोळीशी तुलना करून, त्यात अँटिबॉडी आणि काही पेशींचे आकडे वाढलेले दिसले. चांगली सुरुवात आहे. पण रक्तातला आकडा वाढणं आणि माणूस कमी आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सर्दी कमी झाली का, न्यूमोनिया टळला का, हे बघायचं तर शेकडो माणसं आणि वर्ष-दोन वर्षं लागतात.

एक वळसा घालून येणारा रस्ता मात्र मला जास्त पटतो, तो म्हणजे ताण. सतत टेन्शनमध्ये असलं की कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, चढा राहतो, आणि बराच काळ चढलेला कॉर्टिसोल प्रतिकाराची घडी विस्कटतो, झोप उडते ती वेगळी. २०१२ मध्ये हैदराबादेत ६४ ताणग्रस्त लोकांवर ६० दिवसांची ट्रायल झाली, ३०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क दिवसातून दोनदा, त्यात कॉर्टिसोल डमी गोळीपेक्षा बराच जास्त उतरला. झाडाच्या शास्त्रीय नावातच विथॅनिया सोम्निफेरा आहे, सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी. तेव्हा एखाद्याला झोप लागली, ताण उतरला आणि म्हणून तो कमी आजारी पडला, तर ते शक्य आहे, पण मग थेट इम्युनिटीवर काम झालं असं नाही.

आता जे बाटलीवर बारीक अक्षरातही नसतं ते. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाच पेशंटची नोंद छापली, अश्वगंधाच्या गोळ्या घेतल्यावर २ ते १२ आठवड्यांत कावीळ आणि प्रचंड खाज, पाचही जण नंतर बरे झाले. २०२३ मध्ये भारतातल्या डॉक्टरांनीही अशा केसेस छापल्या, त्यात आधीपासून लिव्हरचा जुनाट आजार असलेले काही जण दगावले. ही गोष्ट दुर्मिळ आहे, लाखो लोक आसगंध घेतात, पण ज्याचं लिव्हर आधीच दबलेलं आहे त्याच्यासाठी दुर्मिळ हा शब्द फार आधाराचा नाही. शिवाय थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, ज्यांना आधीच जास्त आहे किंवा जे थायरॉइडची गोळी घेतात त्यांचं गणित चुकतं. गरोदर बाईने घेऊ नये. आणि ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे, किडनी बदललेली आहे, इम्युनिटी दाबणारी औषधं चालू आहेत, त्यांनी स्वतःच्या मनाने अजिबात नाही, कारण डॉक्टर एका बाजूला जपून तराजू खाली धरतात आणि आपण दुसऱ्या पारड्यात न मोजलेलं वजन टाकतो. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधावर सरळ बंदीच घातली, ते मला टोकाचं वाटतं, पण त्यांनी ज्या गोष्टी मांडल्यात त्या वाऱ्यावर सोडण्यासारख्या नाहीत.

पानांचं मी वर म्हटलं होतं. पान स्वस्त, त्यात विथाफेरिन ए भरपूर, त्यामुळे अर्कात पान मिसळलं की टेस्टमध्ये विथॅनोलाइडचा टक्का छान दिसतो. आपल्या परंपरेत पोटात घ्यायला मूळ सांगितलंय, आणि २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं सुद्धा. म्हणून लेबलवर दोन अक्षरांचा 'मूळ' हा शब्द आहे का ते बघा. आणि मिलिग्रॅमच्या आकड्याने फसू नका. ५ टक्के विथॅनोलाइडचा ३०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे १५ मिलिग्रॅम विथॅनोलाइड. ३५ टक्क्यांचा ६० मिलिग्रॅम अर्क म्हणजे २१. आणि चूर्ण ५ ग्रॅम, त्यात समजा ०.३ टक्के धरले, तर तेही १५. दिसायला कुठे ६० मिलिग्रॅमची बारीक गोळी आणि कुठे चमचाभर चूर्ण, पण मोजमाप जवळपास तेच. फक्त त्या १५-२१ मध्ये कुठला विथॅनोलाइड किती हे लेबल सहसा सांगत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो.

आत्याला हे सगळं दोन फोनमध्ये सांगून झालं. मेथोट्रेक्सेट लिव्हरवर आधीच भार टाकतं, दर काही आठवड्यांनी तिची रक्ततपासणी त्यासाठीच होते, त्यात हे आणखी नको हे तिला लगेच पटलं, तरी मी म्हटलं बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, माझ्या सांगण्यावर राहू नको. डॉक्टरांनी लेबल वाचलं, अर्क कुठल्या भागाचा ते लिहिलेलंच नव्हतं, आणि बंद ठेवा म्हणाले. परवा पुन्हा तिचा फोन. थायरॉइडचं ऐकल्यापासून तिच्या डोक्यात घोळत होतं, म्हणून तिने वहिनींना विचारलं, तर त्या गेली चार वर्षं थायरॉइडची गोळी घेतायत आणि दोन महिन्यांपासून सोबत हीच अश्वगंधाही, हल्ली छातीत धडधडतं म्हणाल्या, वयामुळे असेल असं वाटलं होतं त्यांना. गुरुवारी दोघी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करायला लॅबमध्ये जाणारेत, बाटली पिशवीत घालून.